खालच्या ओळीतली मुलं

४ जानेवारी
आलो एकदाच्या! कारखान्याच्या दवाखान्यात नर्सची कायमची नोकरी, शिवाय राहायला खोली. कामगारांच्या खोल्यांच्या खालच्या ओळीत, अगदी टोकाची. खिडकी मोठी, नळ घरातच. माझी पाच वर्षांची चिमणी आल्याआल्या दारोदार जाऊन सगळ्यांना आमची नावं सांगून आली, आणि आई घोरते हेही. हिच्या तोंडाला कुलूप कोण लावणार? शेजारची शिंपीण हसून हसून दमली. म्हणाली, इतकं बोलणारं पोर या ओळीत बऱ्याच दिवसांनी आलं.

१५ जानेवारी
कारखान्यात जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात. साहेबांचे बंगले टेकडीवर, तिकडे धूर जात नाही. आमच्या खिडकीत मात्र रोज राखाडी पूड बसते. मी पुसायच्या आत चिमणी तिच्यावर बोटाने बदकं काढते. शिंपीण नवऱ्याचे कारखान्यातले कपडे आणि मुलाचे कपडे एकाच टबात धुते. दुसरा टब ठेवणार तरी कुठे?

१० फेब्रुवारी
शाळेत तपासणी केली. टेकडीवरची मुलं ठणठणीत. खालच्या ओळीतल्या सतरापैकी अकरा जणांच्या हिरड्यांवर निळसर रेघ, पोटात कळा. शिंपिणीचा मुलगा सात वर्षांचा. पेन्सिल दाखवून विचारलं, हे काय? तो बराच वेळ बघत राहिला आणि रडायला लागला. त्याला माहीत होतं. शब्द सापडत नव्हता. वर्गाच्या बाई म्हणाल्या, खालची ओळ मठ्ठच, मनावर घेऊ नका.

१२ फेब्रुवारी
डॉक्टर मंगळवारीच येतात. त्यांना रेघांचं सांगितलं. म्हणाले, आया अडाणी, मुलं अस्वच्छ; हात धुण्याचे तक्ते लावा. बारा तक्ते लावले. नळाला पाणी दोनच तास असतं.

३ एप्रिल
चिमणी जेवत नाही. पोट आवळून बसते. सुट्टी काढून तिला शहरात नेलं, रक्त तपासायला दिलं. इथे कुणाला सांगितलं नाही.

९ एप्रिल
शिसं मर्यादेच्या नऊपट. शहरातले डॉक्टर म्हातारे, सज्जन. म्हणाले, "औषध देतो बाई, पण पुन्हा त्याच घरात नेणार असाल तर त्याचा काही उपयोग नाही."
भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आम्ही सहा जण एका खोलीत आहोत. सांग, कुठे ठेवू तिला?"
खरंच, कुठे ठेवणार?

२ मे
बदलीच्या अर्जाला उत्तर आलं. दोन वर्षं थांबा. नोकरी सोडली तर खोलीही जाते. चिमणीचे बाबा गेल्यापासून आम्हाला दुसरं घर नाही. खिडकी बंद केली, फटींत ओल्या चिंध्या कोंबल्या. सकाळी पूड आतच होती.

२६ जून
शिंपिणीचा मुलगा गेला. झटके येत होते. डॉक्टरांनी कारण लिहिलं, ताप. खाली माझी सही हवी होती. मी केली. केली मी सही. शिंपीण दाराशीच बसली होती. तिने काही विचारलं नाही — विचारलं असतं तर —

८ जुलै
चिमणी आता भांडत नाही, गात नाही. आज तहान लागली होती तिला. माझा पदर ओढला, तोंड उघडलं, अडखळली. मग म्हणाली, "नर्सबाई, पाणी."
सगळे मला तसंच म्हणतात. तिने ऐकलं असेल. एवढंच असेल —

१९ जुलै
डोकं ठणकतं. हात थरथरतो. दवाखान्यात एका बाळाला औषध द्यायला चुकीची बाटली उचलली. औषधाला आलेल्या शिंपिणीने मनगट धरलं म्हणून — नाहीतर ते बाळ —

२ ऑगस्ट
चिमणीला येत होते ते शब्द लिहून ठेवते. पुन्हा शिकवीन. रोज दहा.
खिडकी. साबण. मावशी. चप्पल. बदक.
आणि ते — केस विंचरायचं — दात असतात त्याला — रोज हातात घेते मी — आत्ता समोर पडलंय, त्याला —