संध्याकाळी सातची काळी चौकट

४ मार्च
डाव्या डोळ्याचा निकाल लागला. नापास. डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर परत येणार नाही, उजवा सांभाळू." लेकीला सांगायचं नाही. कालच तिला बढती मिळाली आहे. कळलं तर सगळं टाकून इथे येऊन बसेल.
आजपासून वही बंद. संगणकावर अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात.

६ मार्च
संध्याकाळी सातला पडद्यावर एक काळी चौकट उघडली, चार ओळी भरभर धावल्या आणि मिटली. मी कशालाही हात लावला नव्हता.

७ मार्च
आजही. ठीक सातला. चोर असेल तर वेळेचा पक्का आहे — माझे विद्यार्थी कधी नव्हते.

९ मार्च
दुपारी संगणक-दुरुस्तीवाले आले. माझ्याच वयाचे, कपाळावरचा चष्मा खिशात शोधणारे.
"बाई, यात आहे तरी काय?"
"अकरा वर्षांचं काम. एका टीकाग्रंथाचं भाषांतर."
"म्हणजे चोरण्यासारखं काही नाही."
तरीही चहा दिला.
मग त्यांनी समजावलं: स्क्रिप्ट म्हणजे हुकमांची यादी. संगणक ती मुकाट्याने पाळतो, लिहिणारा कोण हे विचारत नाही. आता नियम घातलाय — लिहिणाऱ्याची मी मान्य केलेली संगणकी सही नसेल, तर कुठलीच स्क्रिप्ट चालणार नाही.
"पण सातला चालायची ती कुणाची?"
"कोण बघत बसतो, बाई? सरसकट बंद केल्या."
आमच्या शास्त्रात पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, ऐकल्याशिवाय निकाल देत नाहीत. असो.

१० मार्च
सातला लाल अक्षरांत नकार झळकला. बरं वाटलं.

१२ मार्च
लेकीचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही.
"आई, तीन दिवस तुझ्या फायली आल्या नाहीत. संगणक बिघडलाय की तू?"
स्क्रिप्ट तिची! मागच्या भेटीत बसवलेली — भाषांतर हरवू नये म्हणून रोज सातला माझं सगळं लिखाण तिच्याकडे जातं. "सांगितलं होतं मी. तू नुसतं हूं केलंस." केलं असेन.
सगळं लिखाण. म्हणजे ही रोजनिशीही.
"वाचलंस?"
"पहिल्या ओळीला थांबायला हवं होतं. नाही थांबले." मग म्हणाली, "तू आपणहून सांगशील म्हणून वाट बघत होते ग."

१३ मार्च
दुरुस्तीवाल्यांना पुन्हा बोलावलं. लेकीची सही तेवढी मान्य केली. बाकी दारं बंदच. सातला पाच मिनिटं आहेत.
बाळ, मंगळवारी उजवा डोळा तपासायचा आहे. मला भीती वाटते. दोन दिवसांची रजा काढून ये.