तोंडातून गेलेला आकडा

४ जून

चि. भोंग्यास,
अनेक उ. आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, पण अक्षर काय ते! एक ओळ दुसरीच्या डोक्यावर चढलेली, शेवटची तर कागद सोडून पळालेली! भावजय कळवते की डॉक्टरांनी काचबिंदू सांगितलाय. गेलेली नजर काही परत येत नाही, पण ऑपरेशन लांबवलं तर उरलेलीही जाईल. आणि तू मला विचारतोस काय, तर मंडळाच्या कार्यक्रमात आकड्यांच्या खेळाचा इतिहास सांगायचाय, आठवेल ते लिही. घराला आग लागली आणि हा अंगण झाडतोय.

तरी लिहिते, नाहीतर रुसशील. वडील होते त्या खोक्यांच्या कारखान्यात खोकी चिकटवायची खळ वाळेपर्यंत सगळ्यांना हातावर हात ठेवून बसावं लागे. रिकामे हात म्हणजे भांडणं. म्हणून वडिलांनी पुठ्ठ्याच्या कात्रणांवर आकडे लिहून वाटले आणि पिशवीतून लाकडी सोंगट्या काढून पुकारायला लागले. ज्याची ओळ आधी भरेल त्याला त्या दिवशी झाडू माफ. आधी आकडे पन्नासपर्यंतच होते; पण खळ ओली असतानाच डाव संपायचा, म्हणून ते वाढवत नव्वदावर नेले. शाळेचं तोंड न पाहिलेली मी त्या कात्रणांवरच आकडे गिरवायला शिकले, अक्षरं मागाहून.

झालं तुझं काम. आता माझं कर, ऑपरेशनची तारीख कळव.

लोभ आहे, रागही आहे. दोन्ही पोचल्याचं कळव.
तुझी,
ताई

११ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या भावजयीच्या तोंडात तीळ भिजत नाही. एक डोळा जरा मंद झालाय, बाकी गडी ठणठणीत आहे.

इतिहासातलं मुख्य तूच विसरलीस. यंत्रांच्या खडखडाटात मागच्या बाकांना नीट ऐकू येत नसे. सोंगटीवर एक, ऐकलं भलतंच, मग एकमेकांच्या गचांड्या. तेव्हा वडिलांनी नियम केला, की तोंडातून गेलेला आकडा खरा, सोंगटी बघायला मागायची नाही. कारखाना गेला, खेळ मंडळाच्या हॉलमध्ये आला, वडिलांमागून पुकारायला मी बसलो, पण नियम तोच.

ऑपरेशननंतर महिनाभर वाकायचं नाही, घराबाहेर पडायचं नाही, असं डॉक्टर म्हणतो. मंडळाचा सेक्रेटरी दिव्यांनी आकडे दाखवणारं यंत्र आणायला टपलाच आहे. एकदा खुर्ची गेली की मी कोण? दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारणारा म्हातारा. काळजी करू नकोस.

तुझ्या शिव्यांचाही भुकेला,
भोंगा

१६ जून

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

यांना न सांगता लिहितेय. ताई, यांना सोंगटी दिसत नाही. डोळ्याशी नेतात, फिरवतात आणि मनाला येईल ते पुकारतात. काल सदतीस दोनदा आला. माझ्या शेजारच्या शिंप्याने चमकून वर पाहिलं, माझ्याशी नजरानजर झाली आणि बिचाऱ्याने मान खाली घातली. सगळ्यांना ठाऊक आहे. तोंडातून गेलेला आकडा खरा, म्हणून सगळे गप्प.

घरात रोज दाराच्या चौकटीला खांदा आपटतात आणि सुताराच्या नावाने बोटं मोडतात. डॉक्टरांनी दिलेली तारीख यांनी दोनदा मोडली. मी बोलले की घर डोक्यावर घेतात. माझा जीव टांगणीला लागलाय. तुमचा शब्द तेवढा ऐकतील.

तुमच्या पत्राकडे डोळे लावून,
तुमची भावजय

१९ जून

चि. भोंग्यास,
आशीर्वाद.

आज गोड बोलायला जमणार नाही. वडिलांनी तो नियम ऐकू न येणाऱ्यांसाठी केला होता. पुकारणाऱ्याला दिसत नसेल तर काय, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

माझं एकच ऐक. येत्या शनिवारी कान उघडे ठेव. पूर्वी तुझी जीभ जरा अडखळली तरी मागच्या बाकांवरून टोमणे यायचे. ते शेवटचे कधी आले, आठवून बघ. माणसं इतकी शहाणी केव्हापासून झाली?

रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. आई गेल्यावर तुला कडेवर घेऊन फिरले ती मी; आता तुला भिंती चाचपडताना बघायची ताकद माझ्यात नाही.

माया आहे म्हणूनच बोलते.
ताई

२३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी सांगतोय आणि तुझी भावजय लिहितेय. मधेमधे डोळे पुसतेय, तेव्हा डाग पडले तर माझे नव्हेत.

काल मी हॉलमध्ये कान देऊन बसलो. खरंच, टोमणा नाही, खाकरणं नाही. मग एक सोंगटी काढली, डोळ्याशी नेल्यासारखं केलं आणि खणखणीत पुकारलं, त्र्याण्णव!

वाटलं, हॉल हसून फुटेल. निदान शिंपी तरी म्हणेल, की भोंग्या, नव्वदाच्या पुढे दुकान कधी काढलंस. ताई, कोणी हसलं नाही. सगळ्या बाकांवरून पेन्सिलींची खरखर ऐकू आली. कुणाच्याच कागदावर नसलेला आकडा सगळ्यांनी खोडला गं.

मी पिशवी टेबलावर ठेवली आणि आज एवढंच, असं सांगून उठलो. शिंप्याने घरापर्यंत हात धरला. मी धरू दिला.

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी ऑपरेशन आहे. मला फार भीती वाटते, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? पट्टी सोडतील तेव्हा तू समोर उभी राहा आणि काही बोलू नकोस. तू आहेस हे माझं मला दिसू दे.

लोभ वगैरे नंतर. आधी ये.
तुझा,
भोंगा