चाटूनपुसून रिकामी ताटं

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार (साष्टांगच घालणार होतो, पण पाठ धरली आहे, कारण खाली येईलच). तुझी खानावळ जोरात चालली असेल. भाऊजींचा गुडघा कसा आहे? हात तरी ठीक आहेत ना? (मुद्दाम विचारतोय.)

माझी झोप उडाली आहे. विद्यापीठाने मला बायोगॅसच्या टाकीवर नेमलं, हे तुला ठाऊकच आहे. मेसमधलं उरलंसुरलं टाकीत घालायचं आणि त्या गॅसवर वसतिगृहाचा चहा करायचा. सगळं सुरळीत होतं, पण मला गप्प बसवेना. अन्न वाया जातं म्हणून मीच मेसमध्ये पाट्या लावल्या, ताटात टाकणाऱ्यांच्या हात धुऊन मागे लागलो. (एका प्राध्यापकांना तर सगळ्यांसमोर परत बसवून भाजी संपवायला लावली.) कुलगुरूंनी पाठ थोपटली. मुलं सुधारली, आणि इतकी सुधारली की आता ताटं चाटूनपुसून परत येतात आणि टाकी उपाशी! गॅस भरला की तिचं झाकण वर येतं, ते आता खाली जाऊन बसलंय. काल माळ्याकडचं कापलेलं गवत टोपल्या भरभरून ओतलं. पाठ धरली ती तिथेच. टाकीने साधा बुडबुडा काढला नाही.

पुढच्या सोमवारी तपासणी समिती येतेय आणि त्यांचा चहा याच शेगडीवर व्हायचाय. शेगडी पेटली तर मी नोकरीत कायम, नाहीतर टाकी बंद आणि मी घरी. घरी म्हणजे तुझ्याकडेच, मला दुसरं घर आहे कुठे? ताई, मला खरंच भीती वाटते. आयुष्यात पहिल्यांदा एक काम जमलंय असं वाटत होतं गं. आज दुपारी एक मुलगा अर्धं भरलेलं ताट घेऊन उठला. मला अगदी भरून आलं. तेवढ्यात त्याने मला पाहिलं आणि घाबरून उभ्याउभ्या सगळं संपवलं.

बाकी ठीक. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. गेल्या खेपेला तुझ्या गिऱ्हाइकांना अन्नाच्या नासाडीवर भाषण दिलं होतं, ते या आठवड्यापुरतं मागे घेतो. बुधवारी दुपारी टेम्पो पाठवतोय. ताटांत उरेल ते सगळं पिंपात भरून ठेव.

आणखी एक ता. क. तुझ्या हातचं कोणी टाकत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून बुधवारचा स्वयंपाक भाऊजींना करू दे. कारण सांगू नकोस, मेहुण्याने तुमच्या हातच्या जेवणाची फार आठवण काढली एवढंच सांग. टेम्पोबरोबर मी येणार नाही, ते जेवायचा आग्रह करतील.