गार्गीच्या बुटापाशी उंट

बरवा अल बराहा, दोहा
२६ डिसेंबर

प्रिय सुचित्रा,

या नाताळात माझ्या हातांनी केलं ते असं: खोलीतल्या फिलिपिनो मित्रांना कागदी चांदणी, डच साहेबांच्या मुलीला लाकडी बूट आणि आपल्या गार्गीला लाकडी उंट. कुणाकडे शिकलो नाही, हे तुला ठाऊकच आहे. उंटाचे पाय दोनदा चुकले, तेव्हा इथल्या सूक वाकिफ बाजारात जाऊन खरा उंट पाहून आलो. त्याला खूर नसतात, दोन बोटं असतात.

फोनवर सांगितलं असतं, पण गार्गी शेजारी कान देऊन असते. दिवाळीला आलो नाही म्हणून अजून बोलत नाही ना माझ्याशी?

डच मुलं भेटी आणणाऱ्या संताच्या घोड्यासाठी बुटात गाजर ठेवतात. आमचे स्पॅनिश इंजिनियर मातेओ म्हणाले, "आमच्याकडे सहा जानेवारीला तीन राजे भेटी आणतात. मुलं आदल्या रात्री त्यांच्या उंटांना गवत ठेवतात." देणारे निरनिराळे, पण जनावराची वैरण कुणी विसरत नाही. मला आपला पोळा आठवला.

इथून सुट्टीवर येणारा सागर पाच तारखेला उंट पोचवेल. त्या रात्री गार्गीचा शाळेचा बूट दाराशी ठेव, आत मूठभर दुर्वा. पहाटे दुर्वा काढून तिथे उंट ठेव. मग फोनवर आली तर बरं.

कोरताना झालेली अंगठ्याची जखम भरली. तुझी पाठ कशी आहे?

तुझाच,
सदानंद

ता. क. मातेओंनी हाच उंट मागितला. म्हणाले, "तू दुसरा करशील." मी म्हटलं, "करीन, पण पाच तारखेच्या आत होणार नाही." सातशे रियाल देत होते.