हिरव्या टाक्याचा अर्ज

पत्रात लिहिले आहे की ‘आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार करण्यात आला.’ साफ खोटे आहे. माझ्या मुलीचा अर्ज त्या कंपनीत कोणी वाचलाच नाही. हे मी छातीठोक सांगते, कारण तो कागद कातरायच्या मशीनमध्ये घातला तो मीच.

तर हे मृत्युपत्र. लिहिणारी मी, वय त्रेपन्न, शिक्षण चौथी, काम गुंतवणूक कंपनीच्या सातव्या मजल्यावर अकरा वर्षे झाडलोट आणि चहापाणी. पोटात गाठ आहे, सोमवारी एकवीस तारखेला ऑपरेशन आहे, म्हणून हे लिहायची वेळ आली. कोणी बळजबरी केलेली नाही. मी पूर्ण शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोके ठिकाणावर आहे का असे विचाराल तर गुरुवारपासून नाही. पण वकील म्हणाले, कायद्याला एवढे चालते.

वकिलांनी आधी घर लिहायला सांगितले. घर मी शेवटी लिहीन. त्याला कारण आहे.

कलम एक. शिलाई मशीन, दोन कात्र्या आणि दोऱ्यांचा डबा मुलीला. त्या डब्यातले हिरवे रीळ मात्र माझ्याबरोबर जाळून टाकावे. ते मला परत कोणाच्या हातात दिसायला नको.

त्याचे असे झाले. अर्ज पाठवायच्या दिवशी घरातल्या स्टेपलरच्या पिना संपल्या. मुलगी म्हणाली, दुकानातून आणते. मी म्हटले, “कशाला? मी टाका घालते, पिनेपेक्षा पक्का.” सहा पानांच्या कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचे दोन टाके घातले. वर तिला शहाणपणही शिकवले. ती कॉलेजचे नाव खाली बारीक लिहीत होती. मी म्हटले, “लाज वाटते का? पहिली आलीस त्या कॉलेजात. वर लिही, ठळक लिही.” तिने लिहिले. अर्ज मीच पिशवीतून नेला आणि खालच्या काउंटरवर दिला.

आमच्या कंपनीत अर्ज कागदावरच मागवतात. मोठ्या साहेबांना पडद्यावर वाचवत नाही. दर वर्षी या दिवसांत भरती खात्याच्या मॅडम दोन ढीग करतात. एक टेबलावर, एक जमिनीवर. जमिनीवरचा मी उचलायचा, पिना नखाने काढायच्या आणि कागद मशीनला द्यायचे. पिन राहिली तर मशीनचे दात जातात, म्हणून माझे बोट आधी कोपऱ्यावर जाते, डोळा जातच नाही. अकरा वर्षे मला वाटत होते की हे वाचून नापास झालेले कागद.

गुरुवारी बोटाला पिन लागली नाही, दोरा लागला. दोरा नखाने निघेना, म्हणून दाताने तोडला आणि वरची दोन पाने सवयीने आत सारली. मग हातात उरलेल्या दोऱ्याचा रंग दिसला. बटण बंद करायला तळहाताएवढी जागा ओलांडायची होती. ती ओलांडेपर्यंत दोन्ही पाने खाली गेली होती. माझाच टाका, माझाच दात. शेजारच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “मावशी, मशीन बिघडलं का?”

कलम दोन. त्या दोन पानांच्या पट्ट्या मी मशीनच्या पोटातून काढून घरी आणल्या. कंपनीचा कागद बाहेर नेला म्हणून मला काढायचे असेल तर खुशाल काढा. तीन दिवस बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर खळीने चिकटवल्या आहेत. मला इंग्रजी येत नाही, पण शिवणारणीला कापडाची नक्षी जुळवता येते. हे कॅलेंडर आणि उरलेली चार पाने मोठ्या साहेबांना, मी मरायची वाट न बघता, या मृत्युपत्राच्या नकलेबरोबर आजच देत आहे.

मॅडमना माझे काही देणे नाही आणि त्यांच्यावर रागही नाही. त्याच दिवशी मी तशीच दोरा मुठीत धरून त्यांच्याकडे गेले. अर्ज कोणाचा ते सांगितले नाही. एवढेच विचारले, “मॅडम, हे ढीग तुम्ही कशावरून करता?”

“नावावरून. पाच विद्यापीठांची यादी आहे. त्यातलं असेल तर टेबलावर, नाही तर खाली.”

“आणि खालचे कोण वाचतं?”

“तुमचं मशीन,” मॅडम हसल्या. “अहो मावशी, सहाशे अर्ज असतात. वाचत बसले तर माझं लग्न राहील.”

चांगली पोर आहे. माझ्या चहात साखर कमी झाली तरी कधी बोलली नाही.

कलम तीन. आमच्या आईचे भिंतीवरचे घड्याळ दादाने नेले, ते त्याच्याकडेच राहू दे. तसेही ते बंद आहे. दादाला मी आणखी काही ठेवत नाही. मुलीच्या कॉलेजला तो ‘तुमचं गल्लीतलं’ म्हणत आला. चार लोकांत म्हणाला, “त्या कॉलेजला तिथला पोस्टमन तरी ओळखतो का?” मी सहा महिने बोलले नाही त्याच्याशी. आता लिहून देते की दादा, तुझे खरे निघाले. पण माफी मागणार नाही. खरे बोलायचीही एक रीत असते.

त्याचा मुलगा ढब्बू टेकडीवरच्या विद्यापीठातला. यादीत ते नाव पहिले आहे. गेल्या वर्षापासून तो आमच्याच सातव्या मजल्यावर बसतो. रविवारी त्याला घरी बोलावून विचारले.

“आत्या, तुला खरंच माहीत नव्हतं? साहेबही टेकडीवरचेच. मुलाखतीत मला विचारलं, कँटीन अजून तिथंच आहे का. झाली मुलाखत.”

“आणि गणित?”

“गणित नंतर तुझ्या पोरीने शिकवलं. फोनवर.”

मान खाली घालून बोलला, म्हणून त्याच्यावरचा राग सोडला. या कागदाचे शुद्धलेखन त्यानेच तपासले. साक्षीलाही तोच आहे, आणि साक्षीदाराला काही ठेवायचे नसते असे वकील म्हणतात. तेव्हा त्याला काही नाही. बरेच झाले.

कलम चार. बँकेतली ठेव ऑपरेशनला जाईल. उरली तर मुलीची.

मुली, हे तुझ्यासाठी, आणि ते तोंडाने सांगायचे धाडस मला झाले नाही. शनिवारी पत्र आले तेव्हा तू म्हणालीस, “आई, माझ्यातच काही कमी असणार. त्यांनी विचार केलाय म्हणे.” आणि आजपासून खालच्या औषधवाल्यांकडे बिले करायला बसलीस. तुझ्यात काही कमी नाही. तुला कोणी तोललेच नाही, मग कमी भरलीस कशी? आणि तुला टेकडीवर जागा मिळाली होती, ती मी नाकारली. घर गहाण ठेवावे लागले असते. मी म्हटले, पुस्तके तीच, गणित तेच, मग लांब कशाला? तू माठात पाणी भरायला उठलीस. तो माठ मला गुरुवारपासून दिसतो आहे.

कलम पाच, घर. दोन खोल्या, बाहेर सामाईक जिना, माझ्या एकटीच्या नावावर. याचे मी दोन मजकूर लिहून ठेवले आहेत. त्यातला एक ऑपरेशनच्या आधी साक्षीदारांसमोर खोडायचा आहे.

पहिला मजकूर: घर मुलीचे. तिने त्यात राहावे, ते विकू नये.

दुसरा मजकूर: घर मुलीचे, पण माझ्या माघारी तिने ते विकावे आणि टेकडीवर दोन वर्षे शिकून यावे. जे तिला येते तेच पुन्हा शिकावे, पण त्या फाटकातून बाहेर पडावे.

कोणता खोडायचा हे माझ्या हातात नाही. ते साहेबांच्या हातात आहे.

साहेब, सहाव्या पानापर्यंत जा. तुमचे पैसे अडकलेली बसगाड्यांची ती कंपनी बुडणार असे तिने त्यात लिहिले आहे, कशी ते आकड्यांनी दाखवले आहे; ढब्बूने मला वाचून सांगितले. अर्ज घेतल्याचा तुमच्या काउंटरचा शिक्का त्याच पानावर आहे, आणि कंपनी त्यानंतर तीन आठवड्यांनी बुडाली. त्या दिवशी तुमच्या मजल्यावर कोणी चहाला हात लावला नाही. एकतीस कप मी भरलेलेच उचलले. टेबलावरच्या ढिगातल्या एकालाही ते दिसले नव्हते, हेही ढब्बूनेच सांगितले. नोकरी द्या असे मी म्हणत नाही. वाचा म्हणते. वाचून नाही म्हणालात तर मी पहिला मजकूर ठेवीन आणि गप्प बसेन. फाटकच बघणार असाल तर तसे स्पष्ट सांगा, म्हणजे मी दुसरा ठेवीन.

आणि अकरा वर्षांत ज्या पोरांचे कागद मी मशीनला दिले त्यांना माझ्याकडे द्यायला काही नाही. मला माहीत नव्हते, एवढेच लिहू शकते.

साक्षीदार पहिला: भाचा, ढब्बू, नोकरी सातवा मजला. सही केली.
साक्षीदार दुसरा: कंपनीच्या फाटकावरचे रखवालदार. सही केली, आणि म्हणाले की त्यांच्या मुलाचाही अर्ज दोन वर्षांपूर्वी आला होता. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर. सोमवार, सात तारीख. सही माझी, डाव्या बाजूला अंगठाही दिला आहे, कोणी शंका काढू नये म्हणून.

साहेब, शुक्रवार अठरा तारीख हा माझा ऑपरेशनआधीचा शेवटचा कामाचा दिवस. पाच वाजता तुमचा कप उचलायला येईन. उत्तर तोंडाने द्यायला जड जात असेल तर चिठ्ठीवर एक शब्द लिहून बशीत ठेवा. ‘वाचले’ किंवा ‘फाटक’. बशी रिकामी असली तर मी कप उचलणार नाही, तिथेच उभी राहीन.