शेजारणीची विहीर

९ मार्च १९८६

रेजिनाची विहीर आमच्या पंपामुळे खारट झाली. घरात हे बोलायची मला बंदी आहे, म्हणून वहीत लिहिते.

शरफुद्दीन, माझा धाकटा भाऊ, डिसेंबरपासून आमच्या विहिरीतून रोज दहा-अकरा टँकर भरून देतो. वसईत नव्या इमारती होताहेत, त्यांना पाणी हवं. आमच्या कुंपणाला लागून, समुद्राच्या अंगाला रेजिनाची वाडी; उपसा वाढला की खारं पाणी आधी तिच्याकडे शिरतं. काल तिनं कुंपणावरून तांब्या पुढे केला. "बाई, पानी चाखून बघा." घोट घेतला आणि थुंकला. तिच्या केळीची पानं कडेनं करपलीत. प्यायचं पाणी तिचा मुलगा व्हिन्सेंट सायकलवरून आणतो – पार भुईगावहून, तिच्या माहेरून!

शरफूला सांगितलं. "माझी जमीन, माझी विहीर, माझा पंप. आपा, तुझी शाळा सुटली आता. पेन्शन खा आणि गप्प बस!"

पंपाच्या वीजजोडणीचा अर्ज मीच लिहून दिला होता. सुवाच्य अक्षरात.

१६ मार्च

रविवार. मोहल्ल्यातल्या मुली दीनचं, धर्माचं शिकायला आल्या. आजचा धडा – पैगंबरांची शिकवण की कुणाचं नुकसान करायचं नाही, आणि आपलं कुणी केलं तर उलटून त्याचंही करायचं नाही. उदाहरणं नेहमीचीच दिली. चुलीचा धूर शेजाऱ्याच्या घरात, मोरीचं पाणी त्याच्या दारात.

मागून एकीनं विचारलं, "बाई, आणि पंप?"

बाकीच्या फिदीफिदी हसल्या. मी म्हटलं, "पुढचं वाच." तीस वर्षं शिकवून हे उत्तर!

१८ मार्च

मशिदीच्या पेशइमामांकडे गेले. ते सरळ म्हणाले, "हक्क आपला असला तरी शेजारी बुडेल असा वापरता येत नाही. मी बोलतो त्याच्याशी." बोलले. शरफूनं मान डोलावली, चहा पाजला, आणि दुपारी मशिदीच्या हौदासाठी एक टँकर फुकट पाठवला! इमामांनी तो दारातूनच परत केला. परतलेला टँकर शरफूनं बिल्डरला विकला.

२१ मार्च, शुक्रवार

पंप बंद. शरफू जुम्म्याच्या नमाजहून आला तर वायर कापलेली.

२२ मार्च

शरफूनं पोलिसांत व्हिन्सेंटचं नाव दिलं. "दुसरा कोण? परवा कुंपणावरून शिव्या देत होता." त्याला चौकीत दिवसभर बसवून ठेवलं, रात्री सोडलं, उद्या परत बोलावलंय. पुढच्या महिन्यात तो बहारीनला नोकरीवर जायचाय. गुन्हा नोंदला तर संपलं.

रेजिना दारात आली. आत नाही आली. "बाई, तुम्ही घरात होता. कोन आला ते बघितलं असंल. माझ्या पोराला तुम्ही शिकवलंय."

मी दार ओढून घेतलं.

जेवताना शरफू खुशीत. "काय गं आपा, तूच शिकवतेस ना – उलटून नुकसान करायचं नाही! तुझ्या विद्यार्थ्याला नाही वाटतं आलं?" मी भात गिळला. टँकरच्या पैशांचाच भात.

२३ मार्च

मुलींना दारातूनच परत पाठवलं. डोकं दुखतंय म्हणाले. खोटं.

दुपारी मिस्त्री आला. नवी वायर जोडली. पंप चालू. संध्याकाळपर्यंत सात टँकर. व्हिन्सेंट अजून चौकीतल्या बाकावर.

२४ मार्च

सकाळी चौकीत दिलं ते असं –

जबाब, दोन पानं, माझ्या सहीचा. शुक्रवारी शरफू नमाजला गेल्यावर मेन स्विच पाडून वायर मीच कापली, असा.

पक्कड, एक.

कापलेल्या वायरचा तुकडा, दोन हात. तीन दिवस माझ्या गादीखाली होता.

पोच घेतली.