भिंतीकडे तोंड

सोमवार, ४

केलं एकदाचं! लिफ्टमध्ये शिरले आणि वळलेच नाही. दाराकडे पाठ, लोकांकडे तोंड. बाकी सगळे दाराकडे बघणारे आणि मी एकटी त्यांच्याकडे बघणारी. बाप रे, काय ती धांदल! एकाने खिशातून फोन काढला, एकीने छताला डोळे लावले, तो जाड्या इंजिनिअर तर स्वतःचे बूटच तपासायला लागला. शेवटी मागच्या कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, दार तिकडे आहे."

"माहितीय," म्हटलं.

ऑफिसात कामाशिवाय कोणी माझ्याशी शेवटचं कधी बोललं, आठवत नाही. दिवसभर खुशीत होते. वेडीच आहे मी.

खूळ भाचीचं. कॉलेजात तिला काम दिलंय — चारचौघांत ठरलेलं वागणं मोडायचं, लोकांची तोंडं बघायची आणि लिहून आणायचं. "मावशी, मला लाज वाटते गं. तू करतेस?" मला कसली आलीय लाज! लाज वाटायला कोणीतरी आपल्याकडे बघावं लागतं.

मंगळवार, ५

साहेब जिन्यात भेटले. "काय, कसं काय?" रोज विचारतात. रोज मी "छान" म्हणते आणि ते पुढे जातात. आज खरं सांगितलं. "काही खरं नाही साहेब. झोप लागत नाही. हे गेल्यापासून टीव्ही बंद केला की घर खायला उठतं."

"वा वा, छान!" म्हणाले आणि गेले!

मला हसू आवरेना. बिलांच्या गठ्ठ्यामागे तोंड लपवून हसले. घरी येऊन कुलूप उघडलं तेव्हा मात्र हसू आलं नाही.

बुधवार, ६

बागेत गेले. सगळे बाक रिकामे, एकावर एक बाई विणत बसलेली. तिच्या अगदी शेजारी जाऊन बसले. आधी तिने पिशवी सरकवली, मग स्वतः सरकली, मग उठलीच. "निघालात?" म्हटलं.

"हो, उशीर झाला." आणि उशीर झाला म्हणून पलीकडच्या बाकावर जाऊन विणायला लागली!

भाचीला फोनवर सांगितलं. "मावशी, भारीच गं तू!" भारी कसलं. तिच्या शालीची ऊब लागत होती माझ्या दंडाला. कोणाचा दंड लागल्याला युगं लोटली. ती उठली तेव्हा फार वाईट वाटलं.

गुरुवार, ७

आज काही केलं नाही. कोणाला काही फरक पडला नाही.

शुक्रवार, ८

कँटीनमध्ये कुठल्या खुर्चीवर कोणाचं नाव नाही, पण सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. लांब टेबलाच्या टोकाला, खिडकीशी कॅशियरबाई. आणि माझी एक खुर्ची कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड केलेली. ती वळवली मीच. हे गेले तेव्हा मी दिसले की टेबलावरचं हसणं फट्‌कन बंद व्हायचं, सगळ्यांचे चेहरे सुतकी. म्हटलं, जेवू देत बिचाऱ्यांना सुखाने. दोन वर्षं होत आली. मला वाटलं होतं, चार दिवसांनी कोणीतरी म्हणेल — अहो, इकडे या ना. कोणी म्हटलं नाही.

आज सरळ जाऊन कॅशियरबाईंच्या खुर्चीत बसले. डबा उघडला. सगळ्यांच्या माना आपापल्या डब्यात! त्या आल्या, थबकल्या. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघत राहिले. म्हणा ना काहीतरी! उठा म्हणा, भांडा, काहीही!

"बसा, बसा," म्हणाल्या. आणि पाण्याच्या टाकीपाशी उभ्याने जेवल्या. त्यांचे गुडघे धरतात, अख्ख्या ऑफिसला माहीत आहे. मलाही.

मी डबा झाकून ठेवला. खिडकीबाहेर एक झाड आहे, चांगलं मोठं. इतकी वर्षं नोकरी केली, मला पत्ताच नव्हता.

रविवार, १०

बस झाला चावटपणा. भाचीला सांगितलं, लिहून टाक — लोक चांगले असतात, काही बोलत नाहीत.

"एवढंच?"

"एवढंच."

त्या टाकीपाशी उभ्या राहिलेल्या कॅशियरबाई काही डोळ्यांपुढून हलत नाहीत. काय मिळवलं मी? कोणीतरी बोलावं म्हणून एका भल्या बाईला उभं ठेवलं. उद्या माफी मागायची आणि गुपचूप आपल्या कोपऱ्यात जाऊन बसायचं. तिथे कोणाला त्रास तरी नाही.

सोमवार, ११

माझ्या खुर्चीत कॅशियरबाई! भिंतीकडे तोंड, पुढ्यात डबा. माफीचं वाक्य घोकून गेले होते, ते कुठल्या कुठे पळालं. त्या वळल्याही नाहीत.

"इथून नुसती भिंत दिसते हो," म्हणाल्या. "आम्हाला वाटायचं, तुम्हालाच एकटं बसायचं असतं. काय बघता तरी काय रोज?"

"भिंत," म्हटलं. आणि रडूच फुटलं मला — भर कँटीनमध्ये, सगळ्यांदेखत, हातात डबा तसाच! कोणी फोन काढला नाही. कोणी छताकडे बघितलं नाही.

हे भाचीला कळवायचं नाही. हे काही मी ठरवून केलं नव्हतं.